पेठच्या रस्त्यावर : धावणारी पावले आणि कमरेचे शस्त्र

नाशिकच्या पंचवटीतून निघालेला पेठ रस्ता रामशेज किल्ल्याच्या पायथ्याजवळून जातो आणि द्राक्षबागा मागे टाकून डोंगरात शिरतो. सावळघाट, करंजाळी, मग कोटंबीचा घाट. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या या प्रवासात देशावरचा माणूस कोकणाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो. पेठच्या पुढे हाच रस्ता गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात उतरतो. पावसाळ्यात इथे धो धो कोसळणारे पाणी पश्चिमेच्या समुद्राकडे निघून जाते आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. भात, नागली, वरई, खुरासणी ही इथली पिके. कोकणा, महादेव कोळी, वारली हे इथले मूळ रहिवासी. सुगी संपली की यांतली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात.

पेठला आमचे मामू राहतात. नोकरीनिमित्त आले आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. दिवाळीच्या आसपास दोन दिवस त्यांच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा घरात एकाच विषयाची चर्चा चालू होती. मामूंची एकोणीस वर्षांची नात पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. त्यासाठी ती फजरची नमाज अदा करून रस्त्यावर धावायला जाते. मुमानींचा जीव ती परत येईपर्यंत टांगणीला लागलेला. त्यातच टेक्सासला असलेल्या जावईबापूंनी फोनवरून सल्ला दिला, “मी इथे रोज पिस्तूल कमरेला बांधून धावतो. कोणाला दिसतही नाही. तिलाही लायसन्स काढून द्या, काळजी मिटेल.”

मामूंनी मला विचारले, “बेटा, तू लिहितोस-वाचतोस. आपला कायदा काय म्हणतो आणि आपला दीन काय म्हणतो, ते एकदा नीट सांग.” त्या दोन दिवसांत पेठ पाहत-ऐकत जे बोलणे झाले, ते वाचकांपुढे ठेवतो. मुलगी धावायला निघाली की काळजी करणारे घर काही एकच नाही.

शस्त्राचा प्रश्न पेठला नवा नाही. हे गाव एके काळी एका लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. इथले राजघराणे मूळचे पवार राजपूत. मोगल काळात या घराण्याने इस्लाम स्वीकारला, तरी राव ही पदवी त्यांच्या नावांमागे पुढेही चालत राहिली. १८५७ च्या डिसेंबरात हरसूल आणि पेठ भागातले कोळी इंग्रजांविरुद्ध उठले. हरसूलचा बाजार लुटला गेला. संस्थानावर हक्क सांगणारे भगवंतराव नीळकंठराव यांच्यावर उठावाचा ठपका ठेवून त्यांना फाशी देण्यात आले. राजघराण्यातील शेवटच्या बेगम नूरजहाँ १८७८ मध्ये वारल्या आणि पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात विलीन झाले.

योगायोग असा की, त्याच १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचे नाही, युरोपियनांना मात्र सूट, अशी ती व्यवस्था होती. साहेबाच्या कमरेला पिस्तूल आणि ज्याच्या रानात जनावर फिरते तो आदिवासी रिकाम्या हाताने! स्वाभिमानी माणसांना हा कायदा अपमानासारखा टोचला यात नवल नाही. म्हणून आजच्या परवाना पद्धतीकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एका कायद्यामागे परक्या राज्यकर्त्याची भीती होती. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये केलेला शस्त्र कायदा सर्वांना सारखा लागू आहे आणि त्याचा हेतू सर्वांचा जीव सांभाळण्याचा आहे.

हा कायदा काय सांगतो? एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक वा पिस्तूल बाळगता येत नाही. मामूंच्या नातीचा प्रश्न खरे तर इथेच संपतो. पण पुढचेही माहीत असलेले बरे. परवान्यासाठी ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर नाशिक शहरासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. शस्त्राची गरज का आहे, ते पटवून द्यावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा पाठीवरच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे. ते लोकांपुढे नाचवायला किंवा सार्वजनिक ठिकाणी उडवायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात-वरातीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा तर थेट तुरुंगाचा रस्ता. आपल्या काही तरुणांना ‘कट्टा’ मिरवण्याची हौस असते. एका मुलाच्या अशा हौसेपायी सगळे घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहते, हे त्यांच्या कानावर घातलेच पाहिजे.

मुमानी म्हणाल्या, “पण बाईमाणसाने स्वतःला वाचवायचे तरी कसे?” प्रश्न रास्त आहे. दिल्लीच्या २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर अनेक घरांना हाच प्रश्न पडला. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्वर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, पर्समध्ये मावेल एवढे. किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. आता सांगा, नागली-वरई पिकवणाऱ्या, हंगामात द्राक्षबागेत राबणाऱ्या पेठच्या बाईला ते कुठून परवडणार? ज्या सुरक्षिततेची किंमत सव्वा लाख आहे, ती गरिबाच्या लेकीच्या वाट्याला येतच नाही.

आता धावताना शस्त्र बाळगण्याच्या सोयीचा मुद्दा. जावईबापू पोटावर रुंद लवचीक पट्टा बांधतात आणि त्याच्या कप्प्यात पिस्तूल ठेवतात. अमेरिकेत असे पट्टे सर्रास विकत मिळतात. टेक्सासमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेक माणसांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते. पण धावणाऱ्याच्या अंगावर अर्धा-पाऊण किलोचे लोखंड म्हणजे काय, याचा विचार करा. पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलाला ते उसळते आणि आवळला तर श्वास कोंडतो. घामाने कातडी सोलवटते आणि लोखंडाला गंज चढतो. चाप कडक आवरणाने झाकलेला नसेल तर कपड्याच्या घडीत अडकून गोळी सुटण्याचा धोका असतो. धावणारा ठेचकाळतो, पडतोही. शिवाय दम लागलेला असताना, हात घामाने ओले असताना, मागून अचानक आलेल्या माणसापुढे पट्ट्यातून पिस्तूल बाहेर काढणे सिनेमात दिसते तितके सोपे नाही. झटापटीत तेच पिस्तूल हल्लेखोराच्या हाती जाऊ शकते. धावण्यासाठी अंग मोकळे हवे आणि पिस्तूल सांभाळायचे तर सतत अवधान हवे. दोन्ही एका वेळी साधणे कठीण.

याबाबत आपल्या दीनची शिकवण किती बारकाईने विचार करणारी आहे, ते पाहण्यासारखे आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. तिचा आशय असा की, जो कोणी बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाईल त्याने बाणांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. त्या काळी शस्त्र बाळगणे ही रोजची बाब होती. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काळजी केली ती शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या कातडीची. दुसऱ्या हदीसमध्ये थट्टेनेही आपल्या भावावर शस्त्र रोखू नये, असे बजावले आहे, कारण सैतान कधी हात हलवील याचा नेम नाही. आणखी एका हदीसमध्ये उपसलेली तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई आहे. या तीन शिकवणींपुढे आजचे सुरक्षेचे नियम ठेवून पाहा. शस्त्र झाकलेले असावे, ताब्यात असावे, कोणावर रोखलेले नसावे. सूत्र तेच आहे. शस्त्र ही अमानत आहे आणि तिच्यापासून इतरांना अभय असले पाहिजे.

कुरआनच्या सूरह निसामध्ये रणांगणावरील नमाजची पद्धत सांगितली आहे. शत्रू समोर असताना नमाजीने शस्त्र जवळ ठेवावे, असा तिथे आदेश आहे. मात्र पावसाचा त्रास असेल किंवा आजार असेल, तर शस्त्र उतरवून ठेवण्यात गुन्हा नाही, फक्त सावध राहावे, अशी सवलतही त्याच आयतीत दिली आहे. म्हणजे ऐन युद्धातही शस्त्राच्या ओझ्याची आणि माणसाच्या शरीराची दखल घेतली गेली. मग जिथे युद्ध नाही, शत्रू समोर नाही, अशा रोजच्या रस्त्यावर ते ओझे कशासाठी वाहायचे?

धावण्याची तर आपल्याकडे सुंदर परंपरा आहे. प्रवासात प्रेषित (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्यांनी ती जिंकली. काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि आता फिटंफाट झाली, असे गमतीने म्हणाले. अबू दाऊदच्या संग्रहात ही हदीस आहे. मुलींच्या धावण्याला नाक मुरडणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

हत्यारानिशी धावण्याचे उदाहरणही आहे. हजरत सलमा बिन अक्वा (रजि.) हे मदिनेचे नामांकित धावपटू. प्रेषित (स.) यांच्या दुभत्या उंटिणी लुटारूंनी पळवल्या तेव्हा ते एकटे, पायी, धनुष्यबाण घेऊन त्यांच्या मागे धावले आणि त्यांनी उंटिणी सोडवल्या. सहीह मुस्लिममधील या प्रसंगाचा एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. पळताना ओझे हलके व्हावे म्हणून लुटारूंनी तीसहून अधिक चादरी आणि तीस भाले वाटेत टाकून दिले. जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्याला भालासुद्धा जड झाला! परतीच्या वाटेवर कधीही न हरलेल्या एका अन्सारी धावपटूने मदिनेपर्यंतच्या शर्यतीचे आव्हान दिले. सलमा (रजि.) यांनी प्रेषितांची परवानगी घेतली, सांडणीवरून उडी मारली आणि ती शर्यतही जिंकली. लुटीच्या दिवशी बाण आणि घरच्या वाटेवर निखळ शर्यत. प्रसंग ओळखण्याची ही समज आपण घ्यावी.

आता अमेरिकेतली दुसरी बाजू. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक गावाजवळ अहमद आर्बेरी नावाचा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण धावत चालला होता. त्याच्याकडे कोणतेही शस्त्र नव्हते. एका बाप-लेकाला तो चोर वाटला. त्यांनी बंदुका घेऊन गाडीतून त्याचा पाठलाग केला, शेजाऱ्यानेही साथ दिली आणि भररस्त्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने तिघांनाही खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. त्यांची बंदूकही ‘संरक्षणासाठी’च होती. संशय आणि शस्त्र एकत्र आले की धावणारा माणूससुद्धा पळणारा चोर दिसू लागतो. मी मामूंना म्हणालो, “जावईबापूंना एवढेच विचारा, की दाढीवाल्या परदेशी तरुणाच्या पोटाशी पिस्तुलाचा फुगवटा दिसला, तर शेजारी त्याला काय समजतील?” मामू बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मामू आणि मी रस्त्यावर गेलो. हवेत गारठा होता, गवतावर दव होते. चार-पाचच्या टोळक्याने मुले-मुली धावत होती. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. मुलांची चाचणी १६०० मीटरची, म्हणून त्यांचा पल्ला लांब. मामूंची नात पूर्ण बाह्यांचा सदरा, ट्रॅक पँट आणि डोक्याला घट्ट स्कार्फ अशा वेशात दोन कोकणा मैत्रिणींबरोबर होती. रस्त्याच्या कडेने एक म्हातारेबाबा रानाकडे निघाले होते. कमरेला मागच्या बाजूने लाकडी अडकणीत कोयता. तो डोंगर चढताना हलत नाही, उतरताना टोचत नाही. सर्वांना दिसतो आणि कोणालाच त्याची भीती वाटत नाही, कारण तो कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. मुली जवळून गेल्या तेव्हा बाबांनी त्यांना नावाने हाक मारली. थोडे पुढे चहाची टपरी उघडत होती. टपरीवाल्याने मामूंना सांगितले, “दोन फेऱ्या झाल्या, तिसरी चालू आहे.”

मुमानींना हवे असलेले संरक्षण ते हेच. रस्त्यावर ओळखीचे डोळे असणे.

याच डोंगरपट्ट्यात हरसूलजवळचे सावरपाडा हे गाव आहे. तिथली कविता राऊत लहानपणी पाण्यासाठी पायपीट करत वाढली, अनवाणी धावली, नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे शिकली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. लोक तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात. तिच्यानंतर या भागातल्या आईबापांना मुलीचे धावणे परके वाटेनासे झाले. आपल्या वस्त्यांमध्येही हे व्हायला हवे. बहारीनची रुकय्या अल-घसरा हिने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत हिजाब घालूनच २०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते. पोशाखाचे कारण सांगून मुलीला घरी बसवण्याची गरज नाही.

पेठच्या रस्त्यावरचे खरे धोके निराळेच आहेत. पहाटेच्या धुक्यात भरधाव येणारा ट्रक, भटकी कुत्री आणि कधीमधी बिबट्या. यांतल्या एकावरही कमरेचे पिस्तूल हा इलाज नाही. म्हणून मामूंच्या घरी काही साधे नियम ठरले. एकटीने जायचे नाही, किमान तिघींनी जायचे. पुरते उजाडल्यावर निघायचे. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, उजव्या कडेने धावायचे. कपडे फिक्या रंगाचे, कानात गाणी नाहीत. जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ घरी सांगायची. फोन जवळ ठेवायचा आणि ११२ हा मदतीचा क्रमांक पाठ असू द्यायचा. कोणी त्रास दिला तर पहिल्याच दिवशी घरात सांगायचे, आणि घरच्यांनी तिलाच दोष द्यायचा नाही. हा शेवटचा नियम मामूंनी स्वतः घातला आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटला. ज्या मुलीला सांगितल्यावर घरी कोंडले जाण्याची भीती असते, ती सांगतच नाही.

प्रेषित (स.) यांनी उंट आधी बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला शिकवले. मुलीला सोबत देणे, वाट माहीत असणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संबंध राखणे, हा उंट बांधण्याचाच प्रकार आहे. प्रत्येक मोहल्ल्यात चार वडीलधारी माणसे फजरनंतर लगेच घरी न परतता अर्धा तास रस्त्यावर फिरली, तर किती लेकी निर्धास्तपणे धावू शकतील! त्याला ना परवाना लागतो, ना सव्वा लाख रुपये. डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाबासाठी चालायला सांगितलेच असते, ते वेगळे.

मामूंची नात भरतीत निवडली गेली, इन्शाअल्लाह, तर तिच्या हातीही एक दिवस शस्त्र येईल. ते सरकारचे असेल, प्रशिक्षणानंतर मिळेल, त्याच्या एकेका गोळीचा हिशोब तिला द्यावा लागेल. तशी जबाबदारी पेलण्यासाठीच ती आज धावते आहे.

आम्ही निघालो त्या सकाळी मुमानी दारातच उभ्या होत्या. मामू सदरा घालून, काठी घेऊन नातीच्या मागोमाग रस्त्याकडे चालले होते. मुमानींनी त्यांना बजावले, “तिसऱ्या फेरीपर्यंत बसून राहा, चहा पिऊन लगेच परत येऊ नका.”